स्वामीकाकूंच्या कुरडया

चीक चुलीवर चढला की बाईला कुणी हाक मारू नये. जरा नजर हटली की खाली लागतो, गुठळ्या होतात, आणि तीन दिवस भिजवलेल्या गव्हाची माती होते. पंचशीला दोन्ही हातांनी चाटू फिरवत होती. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकायला टेकला होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता, आणि नेमका त्याच वक्ताला कोनाड्यातला मोबाईल वाजायला लागला. एकदा नाही, सारखा. टिंग, टिंग, टिंग.

"कोण मेलंय का काय बघ की गं," उंबऱ्यात बसलेली सासू म्हणाली.

"वाजू द्या आत्याबाई. आन् हात लावू नका त्येला. तुमच्या हातानं कट होतंय."

नागुबाईनं हात पदराखाली घेतले. दिसत कमी असलं तरी म्हातारीचे कान शाबूत होते. गव्हाचा आंबूस वास घरभर पसरला होता. ज्याला सवय नाही त्याच्या पोटात ढवळलं असतं, पण या घरात दोन उन्हाळे झाले, त्या वासावरच दिवस उजाडत होता.

चीक शिजला, पांढऱ्याचा काचेसारखा झाला. पंचशीलानं पातेलं फडक्यात धरून पत्र्याच्या शेडवर चढवलं, जुन्या साडीवर सोऱ्यानं कुरडया घालायला बसली. ऊन चढायच्या आत हे व्हायला पाहिजे. गुडघे मोडून, कंबर वाकवून ती पुढं सरकत गेली आणि साडीवर गोल गोल जाळ्या पडत गेल्या. खाली उतरली तेव्हा पाठ सरळ होईना. मग तिनं मोबाईल घेतला.

सगळा दंगा 'आठवडी'चा होता. 'आठवडी' म्हणजे मोबाईलवरला बाजार. आपल्या घरात बसून माल दाखवायचा, गिऱ्हाईक लातूरला नाहीतर पुण्याला बसून मागवतंय, पार्सलवाला जळकोटात येऊन घेऊन जातोय. विकणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता आणि आज त्या ग्रुपात जत्रा भरली होती. 'आठवडी'नं पैसे फिरवणारी कंपनी बदलली होती. जुन्या कंपनीत गिऱ्हाइकाला नुसतं दुकानाचं नाव दिसायचं. नवीन कंपनीत पैसे पाठवायच्या आधी बँकेतल्या खात्यावरचं नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं, आडनावासगट मोठ्या अक्षरात पुढं यायचं.

"बायांनो, माझ्या दुकानाचं खातं मेलेल्या सासऱ्याच्या नावानं हाय," माहूरची कुंकू विकणारी बाई बोलून पाठवत होती. "गिऱ्हाईक इचारायलंय, हे बाबा कोण? आता मी काय सांगू, फोटोतून खाली उतरवू का त्येला?"

उदगीरची मसालेवाली रडकुंडीला आली होती. "माझ्या सुनंचं नाव यायलंय. दुकान माझं, मिरच्या म्या कुटायच्या, आन् नाव तिचं! सकाळपासून मिरवायलीय घरात."

कुणी कंपनीला शिव्या दिल्या, कुणी हसण्यावारी नेलं. पण ग्रुपातल्या काही बायका एकदम गप होत्या. एरवी सकाळी फुलाचं चित्र पाठवणाऱ्या, आणि आज अवाक्षर नाही. त्या का गप आहेत हे पंचशीलाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती पण गपच होती.

कारण तिच्या दुकानाचं नाव होतं 'स्वामीकाकूंचं घरगुती वाळवण'. आणि बँकेत नाव होतं पंचशीला धम्मानंद सोनकांबळे.

आता हे असं का, ते सांगायला पाहिजे. पोरगी महामाया डॉक्टरीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लासला राहिली आणि तिनंच हे दुकान काढून दिलं. पहिल्यांदा नाव ठेवलं 'पंचशीला गृहउद्योग'. फोटो झकास, भाव वाजवी. दोन महिने गेले, एक माणूस फिरकला नाही. एकीनं नुसतं विचारलं होतं, "ताई, तुम्ही कुठल्या? म्हणजे आडनाव काय?" सांगितल्यावर ती परत बोलली नाही. मग महामायानं एका रविवारी नाव बदललं. गावातल्या केवळाबाई स्वामी, वरच्या आळीतल्या, ज्यांच्या रानात पंचशीलानं वीस वर्षं खुरपलं, त्यांना तोंडदेखलं विचारलं. केवळाबाई हसून म्हणाल्या होत्या, "टाक की गं. माझं नाव टाकल्यानं माझं काय झिजतंय व्हय?"

नाव बदललं आणि त्याच आठवड्यात पार्सलं सुरू झाली. फोटोत पंचशीलाचे हातच होते, हिरव्या बांगड्यांसगट. तोंड नव्हतं. नाव बदललं त्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलत दोघी बसल्या होत्या. गोष्ट दोघींना कळली होती आणि दोघींनी ती गिळली.

पण दुकान चाललं हेही खरं. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन "बाई, आज काम हाय का?" म्हणायचं बंद झालं होतं. पंचशीलाच्या पंचेचाळीस वर्षांत ही पहिलीच गोष्ट होती जी तिची स्वतःची होती. आणि तिचंच नाव तिच्यावर नव्हतं.

दुपारपर्यंत दोन मागण्या रद्द झाल्या. तिसऱ्या गिऱ्हाइकानं खाली लिहिलं, 'दुकान एकाचं, खातं दुसऱ्याचं. विश्वास राहिला नाही.' लोक विश्वासाचंच बोलत होते. दुसरं काही कुणी लिहिलं नाही, कुणी लिहिणारही नाही. 

संध्याकाळी महामायाचा फोन आला. आवाज घाईतला, मागं क्लास सुटल्याचा गलका.

"आई, राजश्रीताईंचा फोन आला होता मला. लातूरच्या. रुखवताची ऑर्डर."

रुखवताची ऑर्डर म्हणजे या उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी. प्राध्यापकाच्या घरचं लग्न, भार्गवी ही राजश्रीताईंची एकुलती एक पोरगी, मांडवात मांडायला रंगीत कुरडया, पापड, शेवयांची फुलं, सगळं. नव्वद माणसं बघणार आणि फोटो काढणार. ते काम चांगलं झालं तर पुढची चार लग्नं येतील असं महामाया म्हणायची.

"काय म्हणल्या?"

"पैसे टाकायला गेल्या तर तुझं नाव आलं. त्या म्हणल्या, हे कोण? मग मी सांगितलं..." पोरगी थांबली. "सांगितलं, की काकूंना मोबाईलचं जमत नाही, म्हणून खातं त्यांच्या हाताखालच्या बाईचं आहे."

"हाताखालची बाई कोण?"

फोनमध्ये नुसता गलका ऐकू आला.

"आई... तू."

पंचशीलानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"मग काय सांगू गं मी?" महामायाचा आवाज एकदम चिरकला. "इथं रूमवर मुलींना मी काय काय सांगते ते तुला म्हाईत नाही. तू बोलू नको आता. त्या सोमवारी येणार आहेत. उदगीरला पत्रिका द्यायला चालल्यात, तशीच पुढं काकूंकडं येऊन बघून जाते म्हणल्या. काकूंच्या घरी. तेवढं काहीतरी कर, आई. एवढ्या वेळेला."

पोरीला रागवावं असं पंचशीलाच्या मनात आलं होतं. पण रागवायला तोंड कुठं होतं? लबाडी दोघींचीच होती. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

धम्मानंद बाहेर बाजेवर बसून थापीला लागलेलं सिमेंट खरवडत होता. भूकंपानंतर सरकारनं गावंच्या गावं नव्यानं बांधली तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोर होता, माल कालवायला गेला तो गवंडी होऊनच परत आला. आता लातुरात क्लासच्या पोरांसाठी होस्टेलं उभी राहत होती, तिथं त्याचं काम चालायचं. या हप्त्यात रेती नव्हती म्हणून घरी होता. पंचशीलानं त्याला सगळं सांगितलं. तो खरवडतच राहिला.

"म्हंजी केवळाकाकू मालकीण. आन् तू?"

"दोन घंट्याचा सवाल हाय."

"त्या घराचा स्लॅब म्या टाकलाय," तो म्हणाला. "पाणी मागितलं की वरून ओंजळीत वतायची म्हातारी. आता सुधारल्यात, गिलास देत्यात." मग थापी बाजूला ठेवून म्हणाला, "वाळवणाची बाज, पातेलं, काय न्यायचं ते नेऊन देतो म्या. पर थांबणार न्हाई. मला ते बघवायचं न्हाई."

केवळाबाईंकडं पंचशीला दुसऱ्या दिवशी गेली. पायरीशी उभी राहिली. "ये की वर, अशी काय परक्यावाणी," केवळाबाई म्हणाल्या, तेव्हा ओसरीच्या कडेला टेकली. केवळाबाई विधवा, पोरगा विरूपाक्ष पुण्याला. एवढ्या मोठ्या घरात एकट्या. बाई मनानं वाईट नव्हत्या, आजारपणात पंचशीलाला दूध पाठवलेलं होतं त्यांनी. सगळं ऐकून त्यांना तर गंमतच वाटली.

"बसते की! लातूरची पाव्हणी येऊन बघणार मला? नवं लुगडं नेसते मग." आणि जरा थांबून, "सोऱ्या मातुर माझा घे. पितळी हाय, दिसायला बी बरा. तुझा राहू दे घरी."

"हाव काकू."

"आन् चीक तूच भर. म्या निस्ती बसते. सोमवार हाय ना माझा."

"हाव."

सोमवारचा आणि चिकाचा काय संबंध ते पंचशीलानं विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात हे तिला लहानपणापासून येत होतं.

सोमवारी ती अंधारातच उठली. चीक शिजवला. आभाळ कोंदट होतं, अवकाळी येतंय का काय असं वाटत होतं. धम्मानंदनं बाज डोक्यावर घेतली, पातेलं तिनं घेतलं, आणि दोघं मधल्या रस्त्यानं न जाता ओढ्याकडून वळून वरच्या आळीत गेले. आपल्याच हातचा माल चोरासारखा न्यायची पाळी आली होती. निघताना तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, आज बाहीर येऊ नका. ऊन लई हाय."

खरं कारण ऊन नव्हतं. नागुबाईची सवय अशी, की रस्त्यानं कुणीही जावो, ओळखीचा असो नसो, म्हातारी दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन खणखणीत आवाजात "जय भीम" म्हणायची. चुकून लातूरची गाडी या आळीत वळली तर?

"बरं बाई," नागुबाई म्हणाली. "म्या कुठं जातेय."

गाडी आली तेव्हा केवळाबाई आपल्या घरच्या बाजेवर मांडी घालून बसल्या होत्या, हिरवं लुगडं, कपाळावर भस्म. राजश्रीताई गाडीतून उतरल्या. गोऱ्यापान, सुती साडी, डोळ्यांवरचा काळा चष्मा डोक्यावर सरकवलेला. बोलायला इतक्या गोड की राग धरायलाही जागा नाही. 

"काकू, तुम्हाला प्रत्यक्ष बघून इतकं बरं वाटलं!" त्या म्हणाल्या आणि वाकून केवळाबाईंच्या पाया पडल्या.

केवळाबाईंना चेव आला. सासूनं कसं शिकवलं, गहू कुठला घ्यायचा, पाणी कितीदा बदलायचं, त्या सांगतच सुटल्या. निम्मं चुकीचं सांगत होत्या. गव्हाचं पाणी रोज बदलतात, त्या म्हणाल्या एकदाच. पंचशीला पातेल्याशेजारी उभी राहून खाली बघत होती.

"करून दाखवा ना एक," राजश्रीताई म्हणाल्या. "मी व्हिडिओ घेते. आमच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकते, सगळ्यांना कळू दे कुणाच्या हातचं आहे ते."

पंचशीलानं पितळी सोऱ्यात चीक भरला. केवळाबाईंनी दट्ट्या दाबला. पहिली कुरडई तुटली, दुसरीचा गोळा झाला. केवळाबाई हसल्या, "आगं, दंडात जीव कुठं राहिलाय आता!" तिसरीचंही तेच झालं. राजश्रीताईंच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"काकूंची कंबर धरलीय," पंचशीला पटकन म्हणाली. "द्या काकू, म्या करते."

ती खाली बसली. दट्ट्या दाबला आणि हात आपोआप फिरला. गोल, घट्ट, एकसारखी कुरडई साडीवर उतरली. तिच्याशेजारी दुसरी. राजश्रीताईंनी मोबाईल खाली केला.

"वा! काकू, हाताखालच्या बाईला काय छान तयार केलंत तुम्ही!"

केवळाबाईंनी एकदा पंचशीलाकडं बघितलं. मान हलवली, होकाराची.

"असं करू," राजश्रीताई म्हणाल्या. "काकू, तुम्ही इथं बसा, बोलत राहा. आणि तुम्ही हो, तुम्ही जरा अशा खाली सरका. नाही, चेहरा नको यायला. फक्त हात येऊ द्या."

पंचशीला सरकली. मान केवळाबाईंच्या बाजेखाली घालून, हात पुढं करून, ती कुरडया घालत राहिली. वर केवळाबाई बोलत होत्या. साडीवर जाळ्या पडत होत्या. मानेला रग लागली तरी तिनं मान वर केली नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते या बाईला दिसू नये एवढंच तिला वाटत होतं. मेले असते तर बरं, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं.

व्हिडिओ झाला. राजश्रीताईंनी प्रेमानंच विचारलं, "आणि तुम्ही इथं काय काय बघता?"

विचारलं साधंच होतं. त्या वेळी काही सांगता आलं असतं. पातेल्यातला चीक कुणी शिजवला हे सांगायला किती शब्द लागतात? पण तोंडातून निघालं ते असं:

"म्या व्हय? म्या भांडी घासती. सांडलवंड बघती."

"बरं बरं. शिजवणं वगैरे काकूच?"

"काकूच की. म्या हात लावत न्हाई."

हे कुणी तिच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. महामायानं नाही, केवळाबाईंनी नाही. ती आपणहून म्हणाली. केवळाबाईंनीसुद्धा मान वळवून अंगणात काहीतरी शोधल्यासारखं केलं.

राजश्रीताईंनी तिथंच उभ्या राहून मोबाईलवरून पैसे टाकले. टाकताना नाव वाचलं, जरा मोठ्यानं, "पंचशीला... सोनकांबळे. हेच ना?" आणि हसल्या. "येऊन गेले ते बरं झालं हं. मनात उगाच किंतु राहिला असता. घरात मोठी माणसं आहेत ना, त्यांना सांगावं लागतं. आम्ही तसलं काही मानत नाही." 

चहा झाला. केवळाबाईंनी पाहुणीला कपबशी दिली, पंचशीलानं आपला स्टीलचा गिलास स्वतःच दिवळीतून काढून घेतला. जाता जाता राजश्रीताईंनी पर्समधून एक नोट काढून पंचशीलाच्या हातात दाबली. "चहापाण्याला. काकूंची काळजी घ्या." आणि पंचशीलानं ती घेतली, वर हातही जोडले.

गाडी गेल्यावर केवळाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "बघ, कसं पार पडलं. तुझी काळजी गेली की न्हाई?" मग जरा चाचरत, "ते म्या मान हलवली ते मनावर घेऊ नको बाई. आता तिच्यापुढं काय बोलावं!"

"न्हाई काकू," पंचशीला म्हणाली. "तुमी तर निस्ती मान हलवली."

कुरडया वाळेपर्यंत तिथंच राहू दे म्हणाल्या केवळाबाई. पंचशीलानं बरं म्हटलं, रिकामं पातेलं घेतलं आणि घरी आली. 

घरात अंधार वाटला. बाहेरून आल्यामुळं असेल, तिला वाटलं. पातेलं खाली ठेवलं, माठातून पाणी घेतलं, आणि पिता पिता तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर दोन खिळे होते. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो नव्हता. जिथं फोटो होते तिथं चुना ताजा दिसत होता.

"आत्याबाई! फोटो कुठं गेलं?"

नागुबाई ज्वारीच्या कणगीला टेकून बसली होती. कोपराला खरचटलं होतं, त्यावर हळद लावलेली. 

"हायत की. म्याच काढून ठिवलं," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "लुगड्यात गुंडाळून कणगीत ठिवलंय. काच फुटली न्हाई, बघ."

"कामून काढलं?"

"ती बाई हिकडं बी आली असती म्हंजी?" नागुबाई चाचपडत उठायला लागली. "मला कुणी सांगितलं न्हाई, पर ऐकू येतंय की गं मला. तुमी समदे झाकायलाव, पोरगी तिकडं झाकायलीय, तू हिकडं. म्हणलं, आपून निस्तं बसून ऱ्हायचं का? डब्यावर चढले. जरा पडले, लागलं न्हाई लई."

पंचशीला तिथंच खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली, आवाज न करता, मग आवाज करून. लहानपणी तिच्या बापानं सांगितलं होतं की या म्हातारीच्या पिढीनं घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले होते, गावकीची कामं सोडली होती, मार खाल्ला होता. आणि त्याच म्हातारीला आज आपल्यामुळं डब्यावर चढून बाबासाहेब लपवावे लागले. लाज वाटली म्हणणं थोडं आहे. तिला स्वतःच्या हातांकडं बघवेना.

"आगं रडतीस कामून?" नागुबाई घाबरली. "चुकलं का माझं? पुन्हा लावू की."

"तुमचं न्हाई चुकलं, आत्याबाई."

धम्मानंद जळकोटाहून आला तो दारातच थांबला. त्यानं भिंत बघितली, बायकोकडं बघितलं, आईच्या कोपराकडं बघितलं. नागुबाईनं कणगीकडं बोट दाखवलं. त्यानं कणगीत हात घालून गाठोडं काढलं, ज्वारी झटकली, खांद्यावरच्या टॉवेलनं काचा पुसल्या आणि दोन्ही फोटो खिळ्यांना लावले. मग बाहेर जाऊन पाठ करून बसला.

तेवढ्यात महामायाचा फोन आला. "आई! पैसे आले ना? ताईंनी ग्रुपवर व्हिडिओ पण टाकलाय, एवढा छान आलाय! कुणाला काही कळलं नाही."

"राजश्रीताईंचा नंबर दे," पंचशीला म्हणाली.

"कशाला?" पोरीच्या आवाजातला आनंद एका क्षणात उतरला. "आई, कशाला? आई, असं काही करू नको हं. ऑर्डर जाईल. आणि सगळीकडं बोभाटा होईल, त्या सगळ्यांना ओळखतात इथं. मला रूमवर... आई, माझा विचार कर."

"तुझाच करायले. दे नंबर."

पोरगी रडत होती. पण तिनं नंबर पाठवला.

पंचशीलानं तो लावला. पलीकडं गाडीचा आवाज, गाणी. "हां, बोला?"

"ताई, म्या माळसांगवीहून बोलायले. सकाळी आल्ताव ना तुमी. ती भांडी घासणारी." तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला. "ताई, म्या सकाळी खोटं बोलले. गहू म्या भिजवते, चीक म्या शिजवते, कुरडया म्या करते. केवळाकाकू काय करत न्हाईत. ते निस्तं नाव हाय. दुकान माझं हाय. खात्यावरलं जे नाव तुमी वाचलं ना, पंचशीला धम्मानंद सोनकांबळे, ती म्याच."

गाणी बंद झाली.

"अहो, मग आधीच नाही का सांगायचं?" राजश्रीताईंचा आवाज अजून गोडच होता. "असं फसवायचं कशाला? मी म्हटलं ना, आम्ही तसलं मानत नाही."

"हाव. फसवलं आमी. ते चुकलंच." आणि मग पंचशीलानं विचारलं, "मग ऑर्डर ठिऊ का, ताई?"

"हां... बघते मी. व्हिडिओ पण गेलाय ना सगळ्यांना, आता काय सांगायचं... जरा घरात विचारून कळवते. ठेवू?"

फोन ठेवल्यावर पंचशीला तशीच बसून राहिली. बाहेर वावटळ उठली होती, पत्रे कडकड वाजत होते. कुरडया वरच्या आळीत वाळत पडल्या होत्या आणि त्या आणायला पाहिजेत, हे तिला कळत होतं पण उठवत नव्हतं. हातात चुरगळलेली नोट अजून होती. ती तिनं चुलीजवळच्या कोनाड्यात टाकली.

नागुबाईनं आपलं ताट पुढ्यात ओढलं. भाकर, ठेचा. म्हातारीला सगळं ऐकू आलं होतं.

"काय म्हणली?"

"घरात इचारून सांगते म्हणल्या."

"हं." म्हातारीनं ताटातली भाकर चाचपली. "तू नाव सांगितलंस का पुरं?"

"सांगितलं."

"आडनावासगट?"

"हाव."

नागुबाईनं भाकर मोडली आणि अर्धी चाचपडत पंचशीलाच्या हातावर ठेवली.

"मग खा. सकाळधरनं तोंडात काय न्हाई तुझ्या."